मोझेलची रीसलिंग: पहिल्या बाटलीपासून द्राक्षमळ्यापर्यंत

जर्मनीत नव्याने आलेली मराठी मंडळी वाइनबद्दल दोन प्रश्न हमखास विचारतात. "चांगली कुठली?" आणि "गोड नसलेली कुठली?" दुसऱ्या प्रश्नामागे एक पक्का समज असतो: ड्राय म्हणजे जाणकारांची, गोड म्हणजे नवशिक्यांची. मोझेल नदीच्या खोऱ्यात हा समज साफ चुकतो. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या आणि दशकानुदशकं टिकणाऱ्या वाइन्सपैकी बऱ्याच गोड आहेत. इथे गोडीची लाज कोणाला वाटत नाही, तुम्हीही बाळगू नका.

युरोपच्या वाइन समजून घ्यायच्या तर फ्रान्स, इटली, स्पेन असा एकदम धांडोळा घेऊ नका. डोकं गरगरतं आणि हाती काही लागत नाही. एक नदी घ्या, एक द्राक्ष घ्या आणि तेवढंच नीट शिका. माझ्या मते सुरुवातीला मोझेल आणि रीसलिंग ही जोडी सर्वांत सोयीची आहे. बाटल्या परवडतात, अल्कोहोल कमी असतं, आपल्या तिखट जेवणाबरोबर चालतात, आणि फ्रँकफर्ट, कलोन, बॉनमध्ये राहणाऱ्याला शनिवारी सकाळी निघून रात्री घरी परतता येतं.

१. आधी दरी समजून घ्या

मोझेल फ्रान्सच्या व्होज डोंगरात उगम पावते, काही अंतर लक्झेंबर्ग आणि जर्मनीची हद्द होऊन वाहते आणि कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते. वाटेत इतकी वळणं घेते, की समोरच्या काठावर दिसणारं गाव पुढच्या वळणानंतर पुन्हा वेगळ्या बाजूने दिसतं. झार आणि रूवर या तिच्या दोन उपनद्या. २००७ पर्यंत बाटल्यांवर 'मोझेल-झार-रूवर' असं लांबलचक नाव असायचं, आता नुसतं 'मोझेल' असतं. जुन्या बाटलीवर ते मोठं नाव दिसलं तर प्रदेश तोच समजा.

हा भाग साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. नाशिक २० अंशांवर. नाशिकला द्राक्ष भराभर पिकतं आणि उष्णतेमुळे त्यातली आंबटाई झपाट्याने उतरते, म्हणून तिथल्या वाइनरींना काढणीची वेळ जपून साधावी लागते. मोझेलला अडचण उलटी: इथे द्राक्ष पिकणार का, हाच प्रश्न. म्हणून मळे दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या चढांवर, उन्हाला सामोरे. ऑक्टोबरपर्यंत घड वेलीवर रेंगाळतात, साखर हळूहळू भरते आणि आंबटाई टिकून राहते. मोझेलच्या रीसलिंगची सगळी किमया या टिकलेल्या आंबटाईत आहे.

जमीन म्हणजे निव्वळ पाटीचा दगड, आपल्या शाळेतल्या पाटीचाच. मळ्यात माती जवळजवळ दिसतच नाही, निळसर-करड्या चिपांचा खच पडलेला असतो आणि पाय ठेवला की खडखड आवाज करत घसरतो. संध्याकाळी ऊन गेल्यावर एखादी चीप हातात घ्या, तासाभरानेही कोमट लागते. दिवसाची ऊब हा दगड रात्री वेलीला परत देतो. उर्त्सिगसारख्या एखाद्या गावात दगडाचा रंग अचानक लालसर होतो आणि तिथली वाइनही जरा मसालेदार लागते. दगडाची चव थेट ग्लासात उतरते का यावर वाद आहेत. मी त्यात पडत नाही, पण शेजारशेजारच्या दोन गावांच्या बाटल्या एकत्र उघडल्या तर फरक कळतो एवढं खरं.

नाशिक-सांगलीच्या मांडवांची सवय असलेल्या डोळ्यांना इथली वेल विचित्र दिसेल. जुन्या मळ्यांत प्रत्येक वेलीला एकेक लाकडी खांब असतो. छाटणीनंतर राखलेल्या दोन काड्या वाकवून खांबाला अशा बांधतात की बदामाचा आकार होतो. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट या मळ्याचा चढ काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो, युरोपातला सर्वांत उभा मळा म्हणून त्याची ख्याती आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावर चालणारी छोटी गाडी माणसं आणि क्रेट वर नेते, बाकी सगळं हातानं. सपाट जमिनीच्या मानाने कितीतरी पट मजुरी लागते. बारा युरोची बाटली महाग वाटली तर हे लक्षात घ्या.

२. लेबल: आधी अल्कोहोलचा आकडा शोधा

नवशिक्याने सर्वप्रथम पाहायचा आकडा कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असतो: अल्कोहोलचं प्रमाण. द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. वाइन करणाऱ्याने आंबवणं मध्येच थांबवलं तर साखर उरते आणि अल्कोहोल कमी राहतं. त्यामुळे मोझेलच्या रीसलिंगला ढोबळ नियम असा:

७ ते ९ टक्के: गोड.
१० ते ११ टक्के: मधली, किंचित गोड.
११.५ टक्के आणि वर: बहुधा ड्राय.

लेबलवर बाकी काहीही लिहिलेलं असो, हा आकडा सहसा दगा देत नाही.

त्यानंतर गोडीचे शब्द. 'ट्रोकन' म्हणजे ड्राय: लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर, तीही पुरेशी आंबटाई असेल तरच. 'हाल्बट्रोकन' म्हणजे साधारण १८ ग्रॅमपर्यंत. 'फाइनहेर्ब' हा शब्द मोझेलवर फार दिसतो. कायद्यात त्याची नेमकी व्याख्या नाही, उत्पादक आपापल्या मर्जीने वापरतात, पण बहुतेक वेळा हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा थोडं पुढे. घरी पाहुणे येणार असतील, कोणाला काय आवडतं ठाऊक नसेल, तर डोळे झाकून फाइनहेर्ब आणा. यातला एकही शब्द लेबलवर नसेल तर वाइन गोड आहे असं धरा.

आता सर्वांत मोठा गोंधळ. काबिनेट, श्पेटलेझ, ऑसलेझ, बेरेनऑसलेझ, ट्रोकनबेरेनऑसलेझ ही चढती श्रेणी तुम्ही ऐकली असेल. लोक समजतात, ही बाटलीतल्या गोडीची मापं आहेत. तसं नाही. काढणीच्या दिवशी द्राक्षाच्या रसात किती साखर होती, त्याची ही श्रेणी. ती 'ओक्स्ले' या अंशांत मोजतात. पुढे उत्पादकाने ती सगळी साखर आंबवून टाकली तर 'श्पेटलेझ ट्रोकन' अशी चक्क ड्राय श्पेटलेझ तयार होते. दुकानात 'श्पेटलेझ' एवढंच वाचून गोड म्हणून आणलेली बाटली घरी आंबटढाण निघते ती यामुळे. पुन्हा अल्कोहोलचा आकडा पाहा: ८ असेल तर गोड, १२.५ असेल तर ड्राय.

यात 'ट्रोकनबेरेनऑसलेझ' हे नाव खास फसवं. सुरुवातीला 'ट्रोकन' आहे म्हणून ड्राय समजाल, पण ही सर्वांत गोड. इथे सुकलेले असतात ते द्राक्षाचे मणी, वेलीवरच बेदाण्यासारखे आकसलेले. एकेक मणी वेचून काढतात, किमान १५० ओक्स्ले लागतं आणि किंमत तशीच असते. मोझेलकाठच्या ट्रीअर शहरात दरवर्षी होणाऱ्या लिलावात नामांकित मळ्याची एक बाटली हजारो युरोंना जाते. 'आइसवाइन' वेगळी: उणे ७ अंश किंवा त्याहून थंडीत गोठलेली द्राक्षं पहाटे तोडून तशीच पिळतात. हल्लीच्या उबदार हिवाळ्यांत तिचा योग दुर्मीळ झालाय.

आणखी दोन खुणा उपयोगाच्या आहेत.

पहिली, मागच्या बाजूचा क्यूआर कोड. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइन्सना युरोपियन युनियनमध्ये घटक आणि पोषणमूल्यं सांगणं बंधनकारक आहे, आणि बहुतेक उत्पादक ती कोडमागे ठेवतात. तिथे १०० मिलिलिटरमध्ये किती साखर ते असतं. त्याला दहाने गुणा, लिटरचा हिशेब मिळाला. गोड काबिनेटमध्ये बऱ्याचदा ३० ते ५० ग्रॅम निघतात. कोल्ड्रिंकमध्ये लिटरला शंभरएक ग्रॅम असतात हे लक्षात घेतलंत की घाबरायचं कारण उरत नाही. त्यातून आंबटाई एवढी असते की ही साखर जिभेवर बसत नाही. कैरीच्या पन्ह्यात गूळ बराच असूनही ते गुळमट लागत नाही, तसं.

दुसरी, 'ए. पी. नंबर'. जर्मनीत दर्जेदार वाइनला सरकारी चाचणी पार करावी लागते आणि तिचा क्रमांक लेबलवर छापतात. शेवटचे दोन अंक चाचणीचं वर्ष, त्याआधीचे त्या उत्पादकाच्या बाटलीबंद खेपेचे. एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या दोन ऑसलेझ दिसायला सारख्या पण किमतीत दुप्पट फरक असलेल्या दिसल्या तर हा क्रमांक ताडून पाहा, त्या वेगवेगळ्या खेपा असतात. एरवी याच्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

शाकाहारी लोकांसाठी एक सूचना. वाइन नितळ करायला काही उत्पादक जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात आणि तो लेबलवर दिसेलच असं नाही. लेबलवर 'वेगान' शोधा किंवा सरळ विचारा. हल्ली हा प्रश्न कोणाला खटकत नाही.

३. गावाचं नाव आणि त्यातले सापळे

मोझेलच्या बाटलीवर सहसा दोन शब्दांचं नाव असतं. आधी गाव, त्याला 'अर' हा प्रत्यय, मग मळा. 'वेलेनर झोननउअर' म्हणजे वेलेन गावचा झोननउअर मळा. या मळ्यात कातळावर खरोखरच एक सूर्यतबकडी आहे. योडोकुस प्र्यूमने ती १८४२ मध्ये बसवली, मजुरांना वेळ कळावी म्हणून. नदीपलीकडून आजही स्पष्ट दिसते. पीसपोर्टचा 'गोल्डट्रॉप्फशन', बेर्नकास्टेलचा 'डॉक्टर', ब्राउनेबेर्गचा 'युफर', एर्डेनचा 'ट्रेप्पशन', ग्राखचा 'हिमेलराइश' हे असेच नावाजलेले स्वतंत्र मळे. झार नदीवरचा 'शार्त्सहोफबेर्गर' इतका नावाजलेला, की त्याच्या बाटलीवर गावाचं नाव घालतच नाहीत.

आता सापळा. १९७१ च्या वाइन कायद्याने अनेक गावांचे मळे एकत्र करून मोठे पट्टे केले आणि त्यांनाही तशीच दोन शब्दी नावं दिली. 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशन' हा एक खास मळा, पण 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' हा पसरट पट्टा, त्यातली द्राक्षं पीसपोर्टच्या कड्यावरून आलेली असतीलच असं नाही, सपाट जमिनीवरची आणि रीसलिंग सोडून इतर जातींचीही असू शकतात. लेबलवर दोन्ही नावं सारखीच भारदस्त दिसतात. 'त्सेलर श्वार्त्स काट्स', ज्यावर काळी मांजर असते, तीही पट्ट्याचीच. आणि क्रोव गावची 'नाक्टआर्श', जिच्या लेबलवर एका पोराला उघड्या बुडावर फटके पडताहेत, ती भेट म्हणून हसायला ठीक. २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनी असल्या पट्ट्यांच्या नावाआधी 'रेगिओन' हा शब्द घालणं २०२६ च्या हंगामापासून सक्तीचं केलंय. जुना माल मात्र दुकानांत बराच काळ राहील, तेव्हा ही तीन-चार नावं लक्षात ठेवा.

बुचावरच्या आवरणावर द्राक्षघड धरलेला गरुड दिसला तर ती 'व्हीडीपी' या उत्पादकसंघाची खूण. संघ १९१० पासूनचा. त्यांच्या सर्वोत्तम मळ्यांच्या ड्राय वाइनवर 'जीजी' असतं. या बाटल्या तीस युरोंच्या पुढे जातात. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका, तरुणपणी त्या फार मिटलेल्या असतात आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. गरुड नसणं हा दोष नाही, अनेक छोटे चांगले उत्पादक संघाबाहेर आहेत.

फिरकीचं झाकण पाहून बाटली हिणकस ठरवू नका. मोझेलवर उत्तम काबिनेटलाही तेच असतं. बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तरी परत करायला धावू नका, ते टार्टारिक आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. जुन्या रीसलिंगला किंचित रॉकेलसारखा वास येतो, तोही बिघाड नव्हे. काहींना तो फार प्रिय असतो. मला थोडाच आवडतो.

४. घरी चार बाटल्या, याच क्रमाने

प्रवासाआधी घरी चव बसवा. दोन-चार मित्र मिळून चार बाटल्या घ्या आणि एकाच संध्याकाळी उघडा:

पहिली, 'गुट्सरीसलिंग ट्रोकन'. उत्पादकाची रोजची ड्राय वाइन, थेट घेतली तर साधारण ८ ते १२ युरो.
दुसरी, फाइनहेर्ब.
तिसरी, गोड काबिनेट, अल्कोहोल ८-९ टक्के.
चौथी, श्पेटलेझ, तीही गोड, शक्यतो पाच-सात वर्षं जुनी.

चारही एकाच उत्पादकाच्या असतील तर उत्तम, मग फरक फक्त गोडीचा आणि पिकण्याचा उरतो. फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटांनी ओता, फार गार असली तर वास दबतो. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवलेली गोड रीसलिंग चार-पाच दिवस आरामात टिकते, संपवायची घाई नको.

वर्षांबद्दल एवढं पुरे: २०१८ आणि २०२२ उन्हाळी, भरदार. २०२१ थंड, म्हणून आंबटाई तीक्ष्ण, गोड काबिनेटला सुरेख. एप्रिल २०२४ मध्ये उशिरा पडलेल्या हिमाने झार आणि रूवरकाठच्या बागा मोठ्या प्रमाणात जाळल्या, त्यामुळे तिथल्या त्या वर्षीच्या बाटल्या कमीच दिसतील.

५. जायचं कधी आणि कसं

मे-जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. मध्य सप्टेंबरपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत काढणी चालते. दऱ्या सोनेरी दिसतात, फोटो छान येतात, पण उत्पादकाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. हिवाळ्यात अर्धी गावं बंद.

कोब्लेंझहून ट्रीअरची रीजनल गाडी पकडा. डॉइचलांड-टिकीट, म्हणजे जर्मनीभर रीजनल गाड्यांना चालणारा मासिक पास असेल तर वेगळं तिकीट नको, आयसीई या वेगवान गाड्यांना मात्र ते चालत नाही. कोब्लेंझहून निघताना डाव्या खिडकीला बसा, कोखेमपर्यंत नदी त्याच बाजूला असते. कोखेमनंतर चार किलोमीटरहून लांब बोगदा येतो, १८७९ मधला, मोबाइल बंद पडला तर घाबरू नका. बुलायला उतरून ट्राबेन-ट्रारबाखची छोटी शाखागाडी मिळते. बेर्नकास्टेल-कूसला आता रेल्वे नाही, विटलिश स्टेशनहून बस. बसचं वेळापत्रक, विशेषतः रविवारचं परतीचं, निघण्याआधीच पाहून ठेवा. शेवटची बस चुकली की त्या गावांतून टॅक्सी मिळवणं म्हणजे दिव्य.

पहिल्या फेरीला दोनच पर्याय सुचवतो. चालायची हौस असेल तर एडिगर-एलर स्टेशनला उतरून काल्मोंटच्या कड्यावरची वाट धरा. काही ठिकाणी लोखंडी शिड्या आणि तारा आहेत, उंचीची भीती असेल तर जाऊ नका, पावसात तर नकोच. हौस नसेल तर बेर्नकास्टेल-कूस. नदीच्या कूस बाजूला निकोलस फॉन कूस या कार्डिनलने १४५८ मध्ये स्थापलेला वृद्धाश्रम आहे. ख्रिस्ताच्या वयाइतक्या, म्हणजे ३३ वृद्ध पुरुषांसाठी तो बांधला. त्याचे स्वतःचे मळे आजही आहेत आणि आवारात वाइन चाखायचीही सोय आहे. एका छताखाली अनेक उत्पादकांची चव घेता येते, म्हणून नवख्यांना सोयीचं.

ट्रीअरपर्यंत गेलात तर ऱ्हाइनिशेस लांडेसम्युझिअममधली दगडी रोमन होडी पाहा. नॉयमागेनला सापडलेली, पिंपांनी लादलेली, वल्ही मारणाऱ्या माणसांचे चेहरे अजून ओळखू येतात. कार्ल मार्क्स याच गावचा. त्याच्या कुटुंबाचा रूवरकडे द्राक्षमळा होता आणि १८४३ मध्ये त्याने वर्तमानपत्रात मोझेलच्या गरीब मळेवाल्यांच्या हालांवर लिहिलं होतं. मोझेलचा सगळाच इतिहास श्रीमंतीचा नाही.

६. बरोबर काय घ्यायचं

ओळखपत्र किंवा पासपोर्ट.
डॉइचलांड-टिकीट आणि ऑफलाइन नकाशा. दरीत रेंज जाते.
रोख रक्कम, किमान ऐंशी-शंभर युरो. छोट्या घरगुती उत्पादकांकडे क्रेडिट कार्ड बऱ्याचदा चालत नाही.
घट्ट तळव्याचे बूट. चपला-सँडल पाटीच्या चिपांवर घात करतात.
पाण्याची बाटली आणि साधा पाव.
वही-पेन. पाचव्या ग्लासनंतर पहिला आठवत नाही.
बाटल्यांसाठी जाड कापडी पिशवी किंवा पाठीवरची सॅक, आत दोन जुने टॉवेल.
वेळ ठरवल्याचा ईमेल, फोनमध्ये उघडून ठेवलेला.

अत्तर लावून जाऊ नका. एवढंच नको म्हणतो.

७. उत्पादकाच्या दारात

'वाइनगूट', म्हणजे वाइन उत्पादकाचं घर, अशी पाटी दिसली म्हणून थेट आत शिरू नका. आठवडाभर आधी ईमेल करा: किती जण, कुठल्या दिवशी, किती वाजता, आणि तुम्ही नवशिके आहात हेही लिहा. दुपारी बारा ते दोन जेवणाची वेळ, तेव्हा बेल वाजवू नका. रविवारी अनेकजण बंद ठेवतात. नामांकित घराण्यांकडे महिनाभर आधी विचारलं तरी जागा मिळेलच असं नाही. नावंच हवी असतील तर वेलेनचं योह. योस. प्र्यूम, बेर्नकास्टेलचं डॉ. लोझेन, ब्राउनेबेर्गचं फ्रिट्स हाग, लीझरचं श्लोस लीझर, प्युंडरिशचं क्लेमेन्स बुश. ड्राय आवडत असेल तर कोब्लेंझजवळ विनिंगनचं हायमान-ल्योवेनश्टाइन. रूवरवरच्या माक्सिमिन ग्र्यूनहाउसचे तीन मळे एकमेकांना लागून आहेत. जुन्या मठाच्या काळी 'आब्ट्सबेर्ग' मठाधिपतीच्या वाइनसाठी राखलेला आणि 'ब्रुडरबेर्ग' साध्या साधूंसाठी. आजही किंमत त्याच क्रमाने लागते.

टेबलावर ड्रायपासून गोडाकडे असा क्रम असतो. तो मोडू नका, गोडानंतर ड्राय चाखली तर नुसती आंबट लागते. ग्लासात दोन घोट ओततात. आधी वास, मग घोट तोंडात फिरवायचा आणि बाजूच्या भांड्यात थुंकायचं. आपल्याला हे अवघड जातं, यजमानांसमोर थुंकायचं कसं! पण तिथे तो शिष्टाचारच आहे. आठ-दहा वाइन गिळत गेलात तर शेवटच्या तीन वाया जातात आणि परतीची वाट डळमळते. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकलंच पाहिजे. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, नवं लायसन्स असणाऱ्यांना शून्य. झिंगून सायकल चालवणंही गुन्हा आहे, आणि नदीकाठचा सायकलमार्ग फार मोहात पाडतो.

चाखायचे पैसे किती ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक खरेदी केली की ते माफ होतात. फुकट चाखायला दिलं असेल तर निदान दोन बाटल्या घ्याव्यात, रिकाम्या हाताने निघणं बरं दिसत नाही. घासाघीस नको. सहा किंवा बारा बाटल्या घेतल्या तर काही उत्पादक स्वतःहून सूट देतात किंवा जर्मनीभर घरपोच पाठवतात.

दारावर हिरवा झुबका किंवा झाडू टांगलेला दिसला तर आत शिरायला वेळ घ्यायची गरज नाही. ही 'श्ट्राउसविर्टशाफ्ट': उत्पादकाने आपल्याच अंगणात वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, चाळिसांपर्यंत खुर्च्या मांडून चालवलेलं खानावळवजा ठिकाण. वाइन फक्त घरची, जेवण साधं, दर माफक. मोझेलवरच्या माझ्या सर्वांत चांगल्या संध्याकाळी अशाच अंगणांत गेल्या आहेत. मालकीणबाई पेला ठेवता ठेवता बोटाने वर दाखवतात, "ही त्या वरच्या तिसऱ्या ओळीतली," आणि वर पाहावं तर चढावर कोणीतरी अजून काम करत असतं. फ्लामकुखन या पातळ, भाजलेल्या पोळीवर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, नको असतील तर "ओने श्पेक" म्हणा.

शरद ऋतूत 'फेडरवाइसर' मिळतो, अर्धवट आंबलेला ढगाळ रस, कांद्याच्या केकबरोबर. चविष्ट लागतो, पण बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं कारण आत आंबणं चालूच असतं. ती बाटली सॅकमध्ये आडवी टाकाल तर कपडे, लॅपटॉप, सगळं चिकट.

८. आपल्या जेवणाबरोबर

तिखटाबरोबर अल्कोहोल जास्त असलेली वाइन घेतली की आग आणखी भडकते. १४ टक्क्यांची रेड आणि कोल्हापुरी मटण ही जोडी म्हणूनच फसते. ८-९ टक्क्यांची गोड काबिनेट तिखटाला विझवते आणि आंबटाई तेलकटपणा कापते. मिसळ, साबुदाणा वडा, भजी, कोळंबीचं कालवण यांच्याबरोबर काबिनेट. तळलेली सुरमई किंवा पापलेट, वर लिंबू, तर ट्रोकन. थालीपीठ-लोण्याला फाइनहेर्ब. आमटी-भात, वरण-भाताबरोबर वाइन घेऊच नका, दोघांचंही नुकसान होतं.

गोड पदार्थांबाबत नियम असा की वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. श्रीखंडापुढे ऑसलेझसुद्धा फिकी आणि आंबट लागते. ऑसलेझ उघडायची तर निळं चीज, भाजलेले बदाम किंवा एकटीच.

९. बाटल्या भारतात नेताना

परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या झाल्या दीड लिटर, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. तिसरी हवीच असेल तर गोड वाइनची ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली घ्या. बाटल्या चेक-इन बॅगेतच, मधोमध, टॉवेलात गुंडाळून. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी मधल्या विमानतळावर अडू शकते. उतरणार अहमदाबाद किंवा पाटण्याला असाल तर तिथे दारूबंदी आहे, नियम आधी वाचा. मुंबईच्या मे महिन्यात बाटली कपाटात ठेवू नका, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

१०. पुढची दरी

मोझेलची गोडी कळली की सीमा ओलांडा. वरच्या मोझेलला, लक्झेंबर्गच्या समोर, दगड बदलून चुनखडी येते आणि रीसलिंगऐवजी एल्बलिंग ही जुनी, हलकी, आंबट जात लागते, उन्हाळ्यात छान. फ्रान्समधल्या आल्झासची रीसलिंग अंगाने भरदार आणि बहुतांशी ड्राय. तिथे २०२१ च्या हंगामापासून गोडीची पातळी लेबलवर लिहावी लागते, 'सेक' असेल तर ड्राय. ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या वाखाउमध्ये तीन नावं: 'श्टाइनफेडर' ११.५ टक्क्यांपर्यंत, 'फेडरश्पील' ११.५ ते १२.५ आणि 'स्मारागड' १२.५ पासून वर. तिथे तिन्ही ड्रायच असतात, त्यामुळे आकडा गोडी सांगत नाही, वाइन किती भरदार आहे ते सांगतो. पहिल्यांदा फेडरश्पील घ्या.